टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉप उघड्यावर ठेवू नका

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल नाशिकच्या छोट्या कारखानदारांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'स्टॅटिक आयपी घ्या, राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडा, त्याचा नंबर बदला, पासवर्ड भक्कम ठेवा. अंबडची टॅली सिन्नरहून चालेल. व्हीपीएन मोठ्या कंपन्यांसाठी. त्याने टॅली रखडते.'

रिमोट डेस्कटॉप म्हणजे लांबच्या विंडोज मशीनची स्क्रीन समोर आणून ते चालवण्याची सोय, स्टॅटिक आयपी म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, पोर्ट म्हणजे आत येण्याचं नंबर असलेलं दार आणि व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट. टॅली चालेल, हे खरं. पण ते मशीन जगाला दिसेल. रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा नंबर 3389 बदलून 45000 केला तरी दिसेल, कारण पोर्ट चाळणारे प्रोग्राम दिवसरात्र सगळेच नंबर तपासू शकतात.

पासवर्डवरचा भरवसा सगळ्यात घातक. मे 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली 'ब्लूकीप' त्रुटी उघड झाली. तिला पासवर्ड लागतच नव्हता, लॉगिनच्या आधीच मशीन ताब्यात घेता येत होतं. सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला पॅच (दुरुस्तीचं अपडेट) काढावा लागला. विंडोज 7 सुद्धा त्यात होतं, आणि अपडेट बंद केलेली विंडोज 7 ची अकाउंट्सची मशीनं मला सातपूरला आजही दिसतात. काळजी वाटते ती यांचीच.

व्हीपीएन मोठ्यांसाठी? वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, 2020 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, विंडोजवर आणि मोबाइलवरही चालतं. त्याचंही एक पोर्ट उघडावं लागतं, पण योग्य डिजिटल किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही.

टॅली रखडते, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. डेटा फोल्डर शेअर करून सिन्नरच्या मशीनवर उघडला, की फाइल वाचण्या-लिहिण्याच्या असंख्य बारीक फेऱ्या सुरू होतात. ऑफिसातल्या केबलवर त्या जाणवत नाहीत, बाहेरच्या लाइनवर फार जाणवतात. सेव्ह होताना लाइन तुटली तर डेटा खराब होण्याची भीती वेगळीच. दोष व्हीपीएनचा नाही, फोल्डर लांबून उघडण्याचा आहे. टॅली अंबडच्याच मशीनवर चालू द्या आणि व्हीपीएनच्या आतून रिमोट डेस्कटॉप वापरा. मग लाइनवरून फक्त स्क्रीन आणि कीबोर्डची ये-जा होते. त्याआधी दोन्ही राउटरची रेंज, म्हणजे आतल्या मशीनांना ते कोणत्या आकड्यांचे पत्ते देतात, ते बघा. दोन्हीकडे 192.168.1 असेल तर एकीकडची बदला, नाहीतर व्हीपीएन जोडूनही समोरचं मशीन सापडत नाही.

स्टॅटिक आयपीचा सल्ला बराचसा बरोबर. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल, तर तो पब्लिक पत्ता नसतो; खरा पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून थेट आत येता येत नाही. तेव्हा पैसे भरून आयपी घ्या, पण फक्त अंबडला. सिन्नरला त्याची गरज नाही.