'भूत कुठंय?' – उत्तर जरा लांबलंय

नमस्कार दादा, कमेंट नीट वाचली. राग वगैरे काही नाही, उलट एवढं खोलात जाऊन कोणी लिहीत नाही, बहुतेक जण अंगठा दाखवून पुढे सरकतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात: दादांचं म्हणणं, मी माझ्या कॉमिकचा हॉरर म्हणून गाजावाजा केला आणि 40 पानांत भूत एकदाही दिसत नाही, रंग नाहीत, अमेरिकन कॉमिक्ससारखं रक्त नाही, मालवणी डोक्यावरून जातं आणि वर 200 रुपये किंमत.

किमतीचं आधी उरकतो. तुम्हीच लिहिलंय की मित्राने पाठवलेली पीडीएफ फोनवर वाचली, मग 200 रुपये नक्की कोणाचे गेले :)

आता भूत. अहो गोष्ट चकव्याची आहे! मुंजा असता तर लंगोटी-शेंडीसकट पिंपळावर बसवला असता, हडळ असती तर उलटे पाय काढले असते, पण चकव्याला तोंडच नाही. माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो, एवढाच तो. त्याला दात आणि लाल डोळे लावले की संपलाच की तो. आणि कॉमिकमध्ये हे जसं जमतं तसं सिनेमात पण जमणार नाही असं माझं मत आहे, कारण तोच वड, तोच जांभ्याचा गडगा, तीच चौकट परत आली की वाचक स्वतःच मागची पानं उलटून बघतो, म्हणजे तोही फिरायला लागला ना. तिसऱ्या वेळी वडाच्या पारंब्या उलट्या बाजूला आहेत, बघितलंत का?

फोनवर नसणार दिसलं. छापील पुस्तकात विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे. समोरासमोरची दोन पानं डोळा एकदम टिपतो, त्यामुळे दचकवायचं ते उजव्या पानावर ठेवलं तर डावं वाचता वाचताच फुटतं. म्हणून 11व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत चकव्यात सापडलेला म्हातारा मागे वळतो आणि पान उलटल्यावर 12वर नुसता रिकामा रस्ता, पूर्ण पानभर. हे पेज टर्न जुळवायला कच्ची डमी, म्हणजे पुस्तकाचा नमुना, हाताने शिवून, पानं पुढेमागे करून बघितली. अंगठ्याने वर सरकवत गेलात की 11 आणि 12 एकाखाली एक येतात, मग कसली भीती नि काय.

रंगाचं खरं सांगायचं तर पैशांचाही प्रश्न होताच, एका रंगाला फॉर्ममागे (म्हणजे बरीच पानं एकदम छापतात तो मोठा कागद) एका बाजूची एक प्लेट, चार रंगांना चार, हिशोब तुम्हीच करा. पण पैसे असते तरी काळंच केलं असतं. मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकचकीत कागद, शाई पितो, भरीव काळा मारला की सुकल्यावर करडा दिसतो, म्हणून रात्रीच्या पानांवर काळ्यावर परत काळा मारून घेतला. मशीनवाले काका वैतागले होते, ओल्या शाईचा डाग वरच्या कागदाच्या पाठीला उठतो ना, थप्पी छोटी ठेवून सुकवत बसावं लागलं.

आणि अमेरिकेचं म्हणाल तर 1954 साली तिथे कॉमिक्स कोड नावाची नियमावली आली, चालती प्रेतं, व्हॅम्पायर सगळ्यावर बंदी, शीर्षकात 'हॉरर' शब्दसुद्धा चालत नव्हता. मासिकाच्या मोठ्या आकारातल्या अंकांना तो कोड लागू नव्हता, म्हणून 1964पासून तिथल्या हॉररवाल्यांनी मासिकं काढली, आणि ती आतून काळी-पांढरीच होती.

मालवणीवर मात्र वाद घालणार नाही. वेंगुर्ल्याकडची म्हातारी रात्री दारातून "खंय चल्लंस रे?" असंच विचारणार, "आपण कुठे निघालात" नाही. लेटरिंग हाताने केलंय, वर मात्रा खाली उकार यात संवादाचा फुगा कधी फुगतो कळत नाही, त्यामुळे तळटिपांना जागाच उरली नाही. हां, आरवलीच्या वेतोबाला मी भूत केलं असं जे लिहिलंय ते परत एकदा बघा. तो राखणदार आहे, लोक त्याला चपला वाहतात कारण तो रात्री गावावर फिरतो म्हणून, आणि शेवटच्या पानावर दिसतात त्या झिजलेल्या चपला त्याच्याच आहेत. म्हाताऱ्याला चकव्यातून बाहेर कोणी काढलं ते तिथे आहे.

मुंजा पुढच्या अंकात येतोय, तोंडासकट. पत्ता मेल करा, या अंकाची छापील कॉपी पाठवतो. मित्राला मात्र विकत घ्यायला सांगा.