मुलीच्या पर्समध्ये काय ठेवू?

कुठे काही भयंकर घडलं की पुढचे आठ दिवस माझ्या फोनवर हाच प्रश्न येत राहतो. "ताई, कुठला पेपर स्प्रे चांगला?" "छोटा चाकू दिला तर चालेल का?" गेली बरीच वर्षं मी शाळा-कॉलेजातल्या मुलींना ज्युदो आणि स्वसंरक्षण शिकवते, म्हणून आया हक्काने विचारतात. त्यांची भीती खरी आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही. माझं मत असं: आधी मुलीचे हात-पाय आणि आवाज तयार करा. स्प्रे द्यायचा तर त्यानंतर. चाकू मी कुणालाही सुचवणार नाही.

क्लासमध्ये मी एक प्रयोग करून घेते. रोजची सॅक रोजच्यासारखीच खांद्याला लावून चालायला सांगते. मध्येच मैत्रिणीने बाजूने येऊन दंड पकडायचा आणि ओढत न्यायचं. आता काढ स्प्रे! एक हात अडकलेला. दुसऱ्या हाताने चेन उघडायची, तर ती अर्ध्यावर ओढणीत अडकते. आत डबा, छत्री, चार्जर. स्प्रे सापडतो तेव्हा त्याचं लॉक कुठल्या बाजूला सरकतं ते आठवत नाही, आणि तोंड कुणाकडे आहे हे बघायला वेळ नसतो. तोवर मैत्रिणीने तिला मॅटच्या दुसऱ्या टोकाला नेलेलं असतं. आणि ही तर मैत्रीण, उजेडातली, हसत ओढणारी.

शस्त्र कमरेला लावून फिरणाऱ्यांचीही हीच अडचण आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की चाकू घेऊन धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला प्रशिक्षित पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. आपल्याकडे लोकलच्या दारात किंवा एसटीत चढताना २१ फूट कुठून आणायचे? तिथे हातभर अंतर नसतं.

चाकूबद्दल तर माझा राग जुना आहे. दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये, मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. पुढच्या वर्षी कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, खास महिलांसाठी म्हणून. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, वर परवान्याची खटपट. परवडणार कुणाला? पहाटे मासळी आणायला निघणाऱ्या बाईला की रात्रपाळीच्या नर्सला? चाकू स्वस्त असतो, पण तो बाहेर काढला म्हणजे समोरच्याच्या अंगात खुपसायची तयारी हवी. ती तयारी तुमच्या-माझ्या मुलीत नसते, आणि तिने क्षणभर जरी विचार केला तरी चाकू त्याच्या हातात गेलेला असतो. शिकवायला एक तास न देता हत्यार वाटणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कायद्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट माहिती फिरते. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र म्हणून धरलेलं आहे, म्हणून छोटा चाकू चालतो असं लोक सांगतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यांत सुरे, सोटे, लाठ्या आणि 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' बाळगायला मनाई असते. मग छोट्या चाकूचंही उत्तर द्यावं लागतं.

उलट स्वतःला वाचवण्याचा हक्क कायद्याने भक्कम दिलाय, आणि तो आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं वाचा. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, अ‍ॅसिड हल्ल्याची रास्त भीती असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा धरत नाहीत. आधी पळून जायलाच हवं होतं, असंही कायदा म्हणत नाही. मुख्य अट ही, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. हात सोडवून, गुडघा मारून पळालेल्या मुलीला हे सिद्ध करणं सोपं जातं. पळणाऱ्याच्या पाठीत वार झाला तर फार अवघड. स्प्रेसुद्धा कसाही मारून चालत नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात पेपर स्प्रेला घातक शस्त्र मानलं आणि तो वापरणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला.

पण माझा खरा मुद्दा यापुढे आहे.

स्प्रे आणि चाकू विकत घेताना आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: रात्र, सुनसान रस्ता, अनोळखी माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे वेगळं सांगतात. बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, शिकवणारा, नोकरी देणारा. लग्नघरात सगळे झोपलेले असताना दूरच्या काकाचा हात पांघरुणात आला, तर मुलगी पर्स शोधणार आहे का? आणि सापडली तरी काकांवर चाकू उगारणार आहे का? ती गप्प पडून राहते, कारण मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपणच तिला शिकवलेलं असतं.

इथे शिक्षण लागतं, आणि ते चालतं याला पुरावा आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत संशोधक शार्लीन सेन यांनी जवळपास नऊशे विद्यार्थिनींवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण फक्त १२ तासांचं. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका ओळखणं, 'त्याला वाईट वाटेल' हा संकोच झटकणं, ओरडणं आणि रिकाम्या हातांनी प्रतिकार करणं, यावर त्यात भर होता. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकं घेतलेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के.

माझ्या वर्गातही पहिला धडा आवाजाचा. "हात काढ!" एवढंच म्हणायचं, पोटातून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. पहिल्या दिवशी निम्म्या मुलींचा आवाज घशातच राहतो, काही तोंडावर हात ठेवून हसतात. मग मनगट सोडवणं. मागे खेचू नका, तिथे ताकद त्याची जास्त. त्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड उघडी असते. कोपर आपल्या अंगाशी घ्या, मनगटाची कड त्या फटीकडे वळवा आणि सगळ्या अंगाने झटका द्या. बारीक चणीच्या मुलीलाही जमतं, पण रोज घोटून घेतलं तर. दोन दिवसांच्या शिबिरात टाळ्या मिळतात, हाताला सवय लागत नाही.

याच्याही मर्यादा मी स्पष्ट सांगते. समोर चाकू असेल तर पर्स, मोबाइल, सोनं टाकून द्यायचं आणि पळायचं. चाकू हिसकावून घेण्याचे डाव मी शिकवत नाही. दोघं-तिघं असतील तर माणसांच्या दिशेने धावायचं. उशिरा एकटीने येणं-जाणं असेल तर स्प्रे जरूर घ्या, पण तो हातात धरून चाला, महिन्यातून एकदा मोकळ्या जागी मारून बघा, वारा कुठून येतोय ते बघायची सवय लावा, त्यावरची मुदत तपासा. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ शिकणाऱ्या मुलींची लाठी आणि दांडपट्टा बघून मला अभिमान वाटतो. त्यांचे पाय चपळ होतात, अंतराचा अंदाज येतो. पण त्या लाठी घेऊन बसमध्ये चढत नाहीत. उपयोगी पडतात ते ते पाय.

अजून एक गोष्ट, आणि ती पालकांसाठी. उत्तम शिकलेली मुलगीही ऐन वेळी गोठून जाऊ शकते. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. हे भित्रेपणाचं लक्षण नाही, शरीर असंच वागतं. आपल्याच राज्यातला मथुरा खटला आठवा. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्यावर देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही, हे मात्र कायद्याच्या शब्दांत यायला २०१३ उजाडलं. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते कायम आहे.

नव्या तुकडीच्या पालकसभेत मी ही ओळ मुद्दाम वाचून दाखवते. क्लासला पाठवलं म्हणून "मग मारलं का नाहीस?" असं मुलीला विचारायचा हक्क आई-बापांना मिळत नाही. तो प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तिथे मुलगी पुढच्या वेळी काही सांगायलाच येत नाही.