काजळी झाडणे हाच विधी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जपानमधील वर्षअखेरीच्या घरसफाईवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सफाई ही सफाईच असते, तिला अध्यात्माचा मुलामा देणे ओढूनताणून केलेले आहे, हा पहिला. आणि दिवाळीपूर्वी आपल्याकडे घरोघरी हेच होत असताना परक्यांचे एवढे कौतुक कशाला, हा दुसरा.

एक चूक आधी मान्य करतो. ‘प्रत्येक जपानी माणूस देवाच्या स्वागतासाठी घर झाडतो’ असे मी सरसकट लिहायला नको होते. आज ‘ओसोजी’ (वर्षअखेरीची ही मोठी सफाई) म्हणजे कित्येक घरांत स्वयंपाकघरातील पंख्यावरचा वर्षभराचा तेलकट थर खरवडणे एवढेच असते, आणि तो खरवडणाऱ्याच्या मनात देव असेलच असे नाही.

परंतु हा अर्थ मागाहून चिकटवलेला आहे, हे मला पटत नाही. या सफाईचे जुने नाव ‘सुसुहाराई’, म्हणजे काजळी झाडणे. घरात ‘इरोरी’ ही उघडी चूल वर्षभर पेटत असे आणि तिची काजळी तुळयांवर, छपराच्या आतल्या बाजूला साचत असे. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) ती झाडण्यासाठी बाराव्या महिन्याची १३ तारीख रूढ झाली. नववर्षाच्या तयारीचा प्रारंभही त्याच दिवशी होई. नव्या वर्षाबरोबर ‘तोशिगामी’ हा वर्षदेव घरी येतो, म्हणून आधी घर निर्मळ करायचे आणि मगच दाराशी भाताच्या पेंढ्याची वळलेली दोरी बांधायची, असा हा क्रम होता. काजळी झाडायला शेंड्याची पाने तशीच ठेवलेला लांब बांबू वापरत. काही भागांत काम संपल्यावर तो काळाकुट्ट बांबू टाकून न देता अंगणात उभा करत आणि १५ जानेवारीच्या सुमारास नववर्षाची सजावट जाळताना त्याच अग्नीच्या स्वाधीन करत. झाडण्याचे साधनच जिथे असे मानाने निरोप घेते, तिथे काम कुठे संपले आणि विधी कुठे सुरू झाला, ही रेघ मला तरी ओढता येत नाही. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या घरांतही ती ओढता येत नाही. म्हणूनच आपण दाखवलेले साम्य मला आक्षेप न वाटता आधारच वाटते.

मात्र जपानमध्येही या सफाईचा अर्थ सर्वत्र एकच नाही, हे मूळ लेखात राहून गेले. क्योतोतील निशी होंगानजी आणि हिगाशी होंगानजी या मंदिरांत दरवर्षी २० डिसेंबरला मोठी सफाई होते. ही जोदो शिन्शू या बौद्ध पंथाची मंदिरे असल्यामुळे तिथे वर्षदेवाची वाट पाहिली जात नाही; अमिदा बुद्ध आणि पंथाचे संस्थापक शिनरान यांच्याविषयीची वर्षभराची कृतज्ञता हा तिथला भाव असतो. नाकातोंडाला फडके बांधलेले भाविक रांग धरून बांबूच्या काठ्यांनी ततामी चटया बडवत पुढे सरकतात, आणि त्यांच्यामागून येणारे लोक मोठाले पंखे हलवून उठलेली धूळ उघड्या दारांतून बाहेर लोटत राहतात.