तर्री पिशवीतच घ्या!

रविवारी मिसळ आणायला स्टीलचा डबा घेऊन गेलो. मालकाने उकळती तर्री आधी पातळ पिशवीत ओतली, रबर लावलं आणि ती टम्म फुगलेली पिशवी माझ्या डब्यात ठेवली. वर म्हणाला, "सांडणार नाही, काका."

तेव्हापासून माझे डोळे उघडले. प्लास्टिक अंगी लागायला हवं असेल, तर पुढील पथ्यं पाळा.

चहा कागदी कपातच प्या. कागदी हे नुसतं नाव. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, नाहीतर चहा बोटांवर आला असता. खरगपूरच्या आयआयटीने मोजलंय : 100 मिलीलीटर गरम पेय अशा कपात 15 मिनिटं राहिलं, की साधारण 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात. म्हणून घाई नको. आधी राजकारण होऊ द्या, साय धरली की मग घोट घ्या.

मुलांचा डबा प्लास्टिकचाच हवा, आणि मायक्रोवेव्हमधून काढलेला.

भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट झिजला तरी बदलू नका. झिजलेलं गेलं कुठे, हे विचारू नका.

आता तर्री. वर तरंगतं ते तेल, खाली उकळी, बाहेर पातळ पिशवी. घरी पोचेपर्यंत पिशवी लुळी पडते, कोपरा कात्रीने कापायचा, कापलेला तुकडा मटकीत पडला तर बोटाने काढायचा. सांबार असंच, आमटी अशीच, ऑफिसातला चहासुद्धा गाठ मारून! राज्यात 2018 पासून पिशव्यांवर बंदी आहे म्हणे. आहे ना, म्हणूनच पिशव्या काउंटरच्या खाली ठेवतात. आणि मी "पिशवी नको" म्हटलं, तर मागचा गृहस्थ म्हणतो, "घ्या की हो, कशाला खोळंबा?" खोळंबा! झाकण लावायला किती वेळ लागतो?

कुणी तब्येतीचं काढलंच तर "सिद्ध कुठे झालंय?" म्हणा. खरंच नाही झालेलं. इटलीतल्या डॉक्टरांनी 257 रुग्णांच्या मानेतल्या धमनीत साचलेला मेदाचा थर काढून तपासला. 150 जणांच्या थरात पॉलिथिन निघालं, पिशवीचंच भावंड. पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच झालं असं तेही म्हणत नाहीत, 2024 मध्ये छापताना तसं लिहिलंय त्यांनी. पण दूध जरा वास मारायला लागलं, तर पुरावा मागत बसता का तुम्ही? ओतून देता ना मोरीत?

अहो, डबा धरला होता मी समोर! झाकणासकट! त्या मालकाला एक वेळ सोडा, त्याला गिऱ्हाईक उरकायचं असतं. पण तुम्ही? हे वाचून मान डोलावताय, आणि परवा त्याच रांगेत "पावाला वेगळी पिशवी द्या" कोण म्हणत होतं?