धडा घरी नेऊ नये

यंदा तुमच्या वाट्याला स्वच्छता आणि कौटुंबिक आरोग्य हा विषय आलाय म्हणे. घाबरू नका. गोव्यात सत्तरीपासून पेडण्यापर्यंत आम्ही सगळे शिक्षक तो वर्षानुवर्षं शिकवत आलोय आणि एकाही गावाला त्यापासून इजा झालेली नाही. पथ्य एकच: धडा शाळेच्या पायऱ्या उतरता कामा नये.

सुरुवात हात धुण्यापासून करा. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो. त्या दिवशी नळाला पाणी असेलच असं नाही, पण म्हणून काही अडत नाही. मुलांना रांगेत उभं करून हवेतल्या हवेत तळवे, बेचक्या, नखं चोळायला लावा, मोजून २० सेकंद. फोटोत पाणी नाहीतरी कुठे दिसतं? साबण कपाटात राहू द्या. आमच्याकडची वडी तीन वर्षं कागदातच आहे. संपली असती तर नवीसाठी अर्ज करावा लागला असता. दुपारी पाव-भाजीचं भांडं आलं की पोरं तसंच धावतात, तेव्हा मात्र सेकंद मोजत बसू नका. भाजी निवते.

जुलाबाचा धडा पाढ्यासारखा घोकून घ्या: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्यक्ष ढवळून दाखवायच्या फंदात पडू नका. एकदा ढवळलं की पोराच्या हाताला सवय लागते, आणि मग धाकट्या भावाला जुलाब झाले की ते आजीला सांगतं, "पाणी बंद करायचं नाही, उलट द्यायचं." आजीचा मान कुठे राहिला? तशी आजीची मीठ घातलेली पेज अगदी योग्य असते, पण तेही बोलू नका. आजी आणि पुस्तक एका बाजूला आली तर वर्गात आपलं काम काय उरलं?

आता डेंग्यू. इथे सगळं कसब लागतं. चित्र काढायला सांगाल तर गटाराचंच सांगा, काळंभोर, वर घोंघावणारे डास. डेंग्यूचा एडिस डास गटाराला नाक मुरडतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसाढवळ्या चावतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण गटार पंचायतीचं असतं, करवंटी आपल्या घरची. मुलाला खरं सांगितलंत तर ते मागील दारी जाईल. तिथे शहाळ्याच्या कवट्या, पोफळीची विरी म्हणजे गळून पडलेल्या झावळीचा खोलगट देठ, बाबांनी कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला टायर, फ्रिजमागचा ट्रे, पावसासाठी छपरावर घातलेल्या ताडपत्रीच्या खळग्यातलं तळं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं ओतून कोरडं करायचं असतं. नुसतं ओतूनही भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात, तेव्हा घासावंही लागतं. एवढा उद्योग लावणाऱ्या शिक्षकाला चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे गणपतीतल्या करंज्या, कोण पाठवील?

कृमींचं त्या मानाने सोपं. १० फेब्रुवारीला, जंतनाशक दिनी, गोळी चावायला द्यायची, नोंद करायची, मोकळं व्हायचं. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, अनवाणी फिरताना अंकुशकृमी तळपायातून शिरतो, हे सांगितलंत तर चपला कोण घेणार हा प्रश्न येतो.

मोठ्या मुलींच्या पाळीचं पान आलं की मुलग्यांना मैदानावर पाठवा, मुलींना "घरी वाचून या" म्हणा आणि आपण हजेरीपट भरा. बरं दिसतं. शाळेच्या शौचालयाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असतेच. पाहुण्यांसाठी ते स्वच्छ राहायला हवं. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यामुळे तक्रारही नाही.

एवढं सांगतोय ते माझ्याकडून एकदा चूक झाली म्हणून. संडासाचा शोषखड्डा आणि विहीर ही आकृती फळ्यावर छान काढली होती. तिथेच थांबायचं होतं. पण बोलून गेलो, की दोन्हींत निदान १५ मीटर तरी हवेत, आणि आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीत भोकंच भोकं, त्यातून पाणी सरसर झिरपतं, म्हणून अंतर जास्त असेल तेवढं बरं. चौथीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी वहीचं पान घेऊन आली. १५ मीटर म्हणजे तिची तीस पावलं, हा हिशेब तिने घरीच केलेला. स्वतःच्या घरी एकवीस. काकांकडे चौदा. पंचांच्या घरी अकरा, आणि मध्ये कुंपण म्हणून तेही अंदाजे. वाड्यावरची सगळी घरं ओळीने, ठळक अक्षरात.

मी शाबासकी दिली. तिने पेन्सिल पुढे केली.

"सर, तुमच्या घरी किती?"

मी घड्याळाकडे पाहिलं. घंटेला अजून २० मिनिटं होती.