‘लाकडाला पाणी लावणारा सुतार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सागवानप्रेमी’ यांस,

लाकडावरचं वाळलेलं पॉलिश ओल्या कागदाने घासून चकचकीत करण्याबद्दलच्या ‘पाण्याने घासा, आरसा मिळवा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं चार मुद्द्यांचं. पाण्याने लाकूड फुगतं. पॉलिश किती दिवस वाळू द्यायचं हे मी लिहिलं नाही. फोटोतली पेटी सागवानी नसून शिसवी आहे. आणि शेवटी, ‘लाकडाला पाणी लावणारा सुतार मी जन्मात पाहिला नाही, यूट्यूब बघून झालेल्या सुतारांनी सल्ले देऊ नयेत.’

पेटीचं मान्य. ती शिसवीच आहे. घाईत फोटोखाली चुकीची ओळ गेली.

आता सुतार. तुम्ही पाहिला नाहीत, मी पाहिलाय. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात झोपाळा होता, सागवानाची जाड फळी, कड्या पितळी. मी आठवीत असताना वडिलांनी तिला पॉलिश करायला भवानी पेठेच्या टिंबर मार्केटजवळचे एक काका आणले. त्यांनी फळी कोरडी घासली आणि मग चक्क ओल्या फडक्याने पुसून काढली. आजी ओरडलीच. काका म्हणाले, “लाकडाच्या तंतूंची लव उठायची ती आत्ताच उठू दे, नंतर पॉलिशखाली उठली तर कोण निस्तरणार?” दुसऱ्या दिवशी फळीवरून हात फिरवला तर गालावर दाढीचे खुंट लागावेत तसं. ते त्यांनी बारीक कागदाने हलक्या हाताने कापले. पुन्हा उठले नाहीत. तेव्हा यूट्यूब नव्हतं, साहेब. आमच्याकडे फोनसुद्धा शेजाऱ्यांचा होता.

लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात, म्हणजे थर, मध्ये घासणं, असे चार दिवस मी त्यांच्या शेजारी बसून होतो. लाखेवर मात्र त्यांनी पाणी घेतलं नाही, तेलाचा थेंब घेतला. लाखेवर पाणी साचलं की पांढरा डाग धरतो, हे मला तिथे कळलं. तुम्हाला कुठे कळलं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

राहिलं लाकूड फुगण्याचं. माझा लेख कोऱ्या लाकडाबद्दल नव्हताच. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, हात पुरते कडक झाल्यावर वरचा थर सपाट करायचा, त्याबद्दल होता. चौथ्या परिच्छेदात तसं स्वच्छ लिहिलंय. शीर्षकावरून पुढे गेलं असतं तर दिसलं असतं. कोरडं घासलं की पॉलिशची पूड कागदात अडकते, तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच गुठळ्या ओरखडे काढतात. पाणी पूड वाहून नेतं, घर्षणाची गरमीही कमी करतं. म्हणून काळा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासकागद, ठोकळ्याला गुंडाळायचा, पाण्यात साबणाचा एक थेंब, कागदाचे नंबर बारीक होत जाणारे, ८००, १०००, १५००, हवं तर २०००, आणि मग चकाकी आणणारं रबिंग कंपाउंड. प्रत्येक नंबरानंतर पुसून बघायचं, आधीच्या नंबरचे ओरखडे गेले का. एवढं करणाऱ्याला कोणी यूट्यूब सुतार म्हणत असेल तर म्हणो बापडा.

हां, व्हिनिअरच्या, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, कडेवर पॉलिशचा थर पातळ असतो, तिथे पॉलिश फाटून पाणी आत शिरतं आणि व्हिनिअर फुगून उठतं. माझं एक टीपॉय असंच गेलं, चांगलं दीड महिन्याचं काम. पण तो माझ्या हाताचा दोष, पद्धतीचा नव्हे. आणि कडा जपाव्यात हे सांगायला लागावं इतके माझे वाचक भोळे नाहीत, असा माझा समज होता.

वाळण्याच्या दिवसांचं म्हणाल तर ते डब्यावर छापलेलं असतं. मी स्वतः पुण्याच्या पावसाळ्यात त्यापेक्षा बराच जास्त थांबतो, पण ती माझी सवय.

प्रतिक्रिया नाव झाकून लिहिण्याला माझी हरकत नाही. पण ‘सल्ले देऊ नयेत’ हा सल्ला तुम्ही कोणत्या अधिकाराने दिलात, तेवढं कळवा. तोवर फोटोखालची ओळ बदलून ठेवतो. शिसवी.