कुणी न बोलावलेल्या फंक्शनचे लाड कसे करावेत

कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलाय? उत्तम. मग पहिल्या दिवशीच ठरवून टाका: हेडर फाइलमध्ये (अनेक प्रोग्रॅम जी आपल्यात ओढून घेतात त्या सामाईक फाइलमध्ये) स्टॅटिक इनलाइन फंक्शन (ओढून घेणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळणारं छोटं फंक्शन) दिसलं, की त्याचा मशीन कोड काढायचाच. त्याला कुणी कॉल करतंय का, ही चौकशी आपल्याला शोभत नाही. ती जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर करतो, त्याला फार वेळ आहे.

यातून काय घडवता येतं हे बघायचं तर पोस्टग्रेस या डेटाबेसकडे जा. तिथे पॅलॉक.एच या हेडरमध्ये मेमरी-कॉन्टेक्स्ट-स्विच-टू नावाचं चिमुकलं फंक्शन आहे. जुना कॉन्टेक्स्ट (मेमरी कुठून घ्यायची ती जागा) बाजूला ठेवायचा, नवा लावायचा, जुना परत द्यायचा, संपलं. ते ज्या ग्लोबल व्हेरिएबलला हात लावतं, ते मात्र फक्त सर्व्हरमध्ये राहतं. आणि इकडे पीजी-कंट्रोलडेटा हा गरीब प्रोग्रॅम. कंट्रोल फाइल वाचून दाखवावी, एवढंच त्याचं काम. पण तो पोस्टग्रेस.एच इन्क्लूड करतो, तिच्यामागोमाग पॅलॉक.एच येते आणि हे फंक्शन त्याच्या गळ्यात पडतं. त्याला ते नकोय. तुम्ही तरीही ते इमानाने ऑब्जेक्ट फाइलमध्ये भरा. जेवायला न येणाऱ्या पाहुण्याच्या भाजीसाठी लिंकरला (ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला) बाजारात पिटाळा, आणि भाजी मिळाली नाही म्हणून सगळ्या घराला उपाशी ठेवा.

एरर देताना फक्त न सापडलेल्या सिम्बॉलचं (फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं) नाव द्या. प्रोग्रॅमरने ते स्वतःच्या फाइलमध्ये शोधावं आणि ते तिथे नसावं, यात खरी मजा आहे.

कुणी याला बग म्हणालंच, तर सी-99 चं, म्हणजे सी भाषेच्या प्रमाण नियमावलीचं, कलम 6.9 तोंडावर फेका. बाहेरचं नाव एक्स्प्रेशनमध्ये वापरलंत तर त्याची व्याख्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी असलीच पाहिजे, असं ते सांगतं. ते एक्स्प्रेशन जन्मात कधी चालणार का, याच्याशी कलमाला कर्तव्य नाही. म्हणजे कायद्याने तुम्हीच बरोबर! (इतका बिनतोड आणि इतका बिनकामाचा युक्तिवाद मला तरी दुसरा माहीत नाही.)

पोस्टग्रेसवाले भांडणार नाहीत. ते त्या फंक्शनभोवती निमूटपणे इफ-एन-डेफ फ्रंटएंड (सर्व्हरबाहेरच्या प्रोग्रॅमसाठी हा भाग वगळा, अशी सूचना) लावतात आणि वर कॉमेंट लिहितात, की काही कंपायलरांसाठी ही व्याख्या लपवावी लागते. नाव कुणाचंच घेत नाहीत. सभ्य मंडळी. तुमचा कंपायलर हाताशी नसेल तर जीसीसीला 'कीप-इनलाइन-फंक्शन्स' हा फ्लॅग देऊन तुमचा हा पराक्रम घरच्या घरीही करून बघता येतो.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) वाटेला मात्र जाऊ नका. तिथे बॅड-यूडिले हे फंक्शन डिक्लेअर करतात आणि मुद्दाम कधीच लिहीत नाहीत. यूडिलेला (थोडा वेळ थांबवणाऱ्या फंक्शनला) 20,000 मायक्रोसेकंद किंवा जास्तीचा स्थिर आकडा दिला तरच त्याचा कॉल उरावा आणि लिंक मोडावी. एरवी कंपायलरने ती मेलेली फांदी छाटून टाकावी, असा त्यांचा भरवसा. तुम्ही तीही जपाल. पण काळजी नको, ऑप्टिमायझेशन (असली छाटणी वगैरे) पूर्ण बंद केलं तर कर्नल मुळात बिल्डच होत नाही. त्यामुळे ती मंडळी तुमचा कंपायलर घेणारच नाहीत, आणि तेवढ्या तक्रारी तुमच्या वाचतील.